हिंगणीचा रस्ता संगणकाच्या पडद्यावर

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात हिंगणी हे गाव आहे. तेथून एक रस्ता बोर धरणाकडे आणि बोरच्या जंगलाकडे जातो. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालेले हेच ते जंगल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीची शेते, धुऱ्यावर (विदर्भात बांधाला धुरा म्हणतात) बाभळी आणि निंब, फाल्गुनात फुललेले पळस आणि मागे सागाने झाकलेल्या बुटक्या टेकड्या, असा देखावा डोळ्यांपुढे आणा.

हा देखावा कुंचला हाती न धरता, केवळ आकडे आणि नियम सांगून संगणकाकडून काढून घेता येतो. समजा, नववीतील एका विद्यार्थिनीने ब्लेंडर या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने तो काढला आणि चित्रकलेची आवड असलेल्या चार मैत्रिणींना दाखविला. सर्वजणी म्हणाल्या, "छान आहे, पण खरा वाटत नाही." हे 'खरे न वाटणे' म्हणजे नेमके काय? त्याचे उत्तर बऱ्याच वेळा भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडते. ते कसे, हे आपण पाहू.

संगणक चित्र कसे काढतो?

संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक वस्तूचा आकार, जागा व पृष्ठभागाचे गुणधर्म साठविलेले असतात. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यामधून एक किरण दृश्यात सोडला आहे असे मानून तो कोठे आदळतो, तेथून सूर्य दिसतो की मध्ये काही आड येते, हे संगणक गणिताने काढतो. किरणांचा असा मागोवा घेण्याची पद्धत टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली बरीच पुढे नेली. पृष्ठभाग किती उजळ दिसेल, हे लॅम्बर्टच्या १७६० सालच्या नियमावरून ठरते. किरण पृष्ठभागावर लंब पडला तर उजेड पूर्ण. लंबाशी ६० अंशांचा कोन करून पडला तर निम्मा.

म्हणजे संगणक आकडेमोडीत सहसा चुकत नाही. परंतु त्याला दिलेली माहिती निसर्गाशी जुळते की नाही, हे त्याला कळत नाही. ते माणसाच्या डोळ्यांना कळते.

चार आक्षेप

पहिली मैत्रीण म्हणाली, "मी या रस्त्यावरून चालते आहे असे वाटत नाही." येथे पट्टी घेऊन मोजावे. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा प्रत्येक वस्तूला पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर छेदते. चित्रात ९ मीटर उंचीचा निंब १२ सेंटिमीटर भरला आणि क्षितिज त्याच्या बुंध्यापासून ६ सेंटिमीटरवर निघाले, तर पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून साडेचार मीटरवर आहे. हे दृश्य पायी चालणाऱ्याचे नसून मालाने भरलेल्या ट्रकच्या टपावर बसलेल्याचे आहे. डोळा दीड मीटरवर आणला, की त्याच १२ सेंटिमीटरच्या झाडाला क्षितिज २ सेंटिमीटरवर छेदील आणि पाहणारा रस्त्यावर उतरेल.

दुसरी म्हणाली, "पळस फुललाय, पण ऊन थंडीतले वाटते." हा आक्षेप फार बारीक नजरेचा आहे. हिंगणीचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्याची उंची ९० − २१ − २३.५ म्हणजे साडेपंचेचाळीस अंश असते. तेव्हा सावली झाडाच्या उंचीएवढीच पडते. २१ मार्चला ही उंची ६९ अंश होते आणि ९ मीटरच्या झाडाची माध्यान्हीची सावली जेमतेम साडेतीन मीटर राहते. चित्रात माध्यान्हीची म्हणून ९ मीटरची सावली उत्तरेकडे पडली असेल, तर फुले मार्चची आणि सूर्य डिसेंबरचा झाला! तो दोन प्रकारे दुरुस्त होईल. एक तर सूर्य वर चढवावा, नाही तर वेळ दुपारी तीनच्या सुमाराची धरावी. तेव्हाही सावली ९ मीटरची होईल. मात्र ती मुख्यतः पूर्वेकडे व थोडी उत्तरेकडे झुकलेली काढावी लागेल. शिवाय फुललेल्या पळसाला पाने जवळजवळ नसतात, म्हणून त्याची सावली गर्द नव्हे, जाळीदार हवी.

याच मैत्रिणीने आणखी विचारले, "सावली काजळासारखी काळी का?" कारण चित्रात सूर्य हा एकच दिवा ठेवला होता. प्रत्यक्षात झाडाने सूर्य झाकला तरी आकाश उरतेच. त्याचा विखुरलेला निळसर उजेड सावलीत पोहोचतो. संगणकाला 'आकाश' हा दुसरा, पसरट दिवा द्यावा लागतो.

तिसरी म्हणाली, "टेकडी कागद कापून चिकटवल्यासारखी दिसते." दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत विखुरतो आणि वाटेतल्या हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश त्यात मिसळतो. म्हणून अंतरागणिक वस्तू व आकाश यांच्या उजेडातील फरक कमी होतो. समजा हा फरक दर २ किलोमीटरला निम्मा होतो. मग २ किलोमीटरवर तो १/२, ४ वर १/४ आणि ६ वर १/८ उरेल. जवळच्या झाडाइतकीच गडद टेकडी म्हणूनच खोटी वाटते. रॅले यांच्या नियमाप्रमाणे हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून थोडा अधिक विखुरतात. त्यामुळे स्वच्छ हवेत दूरचे डोंगर निळे दिसतात. धुळीचे कण मात्र मोठे असतात आणि सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. मार्चच्या धुळकट दुपारी टेकडी निळीपेक्षा पांढुरकीच शोभेल.

चौथी म्हणाली, "बाभळी शिक्के मारल्यासारख्या आहेत." एकच झाड चाळीस वेळा उमटविले, की डोळा ते लगेच पकडतो. ॲरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञांनी १९६८ साली वनस्पतींची वाढ थोड्याशा नियमांत मांडली: फांदी वाढते, तिला दोन फाटे फुटतात, प्रत्येक फाट्याला पुन्हा तोच नियम लागतो. फाट्याचा कोन व लांबी दर वेळी यदृच्छेने थोडी बदलली, तर एकाच नियमातून चाळीस निरनिराळ्या बाभळी उभ्या राहतात.

सहा जणांचा रस्ता

संगणकचित्रांच्या इतिहासात अशाच एका रस्त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. १९८३ साली कॅलिफोर्नियातील लुकासफिल्मच्या संगणक विभागात 'रोड टू पॉइंट रेयेस' हे चित्र तयार झाले. त्यात पावसानंतरचा रस्ता, डबकी, कुंपण, गवत, डोंगर आणि इंद्रधनुष्य होते. रॉब कुक यांनी रस्ता व कुंपण केले, लोरेन कार्पेंटर यांनी डोंगर, बिल रीव्हज यांनी गवत, ॲल्वी रे स्मिथ यांनी फुलझाडे आणि डेव्हिड सेलसिन यांनी डबक्यांतील तरंग. वेगवेगळे भाग एकत्र बसविण्याची प्रणाली टॉम पोर्टर यांची होती. असे जोडचित्र करताना प्रत्येकाचा भाग दुसऱ्याच्या भागाशी ताडून पाहावाच लागतो. डोंगरावरचे ऊन आणि कुंपणाची सावली निरनिराळ्या सूर्यांची असून कसे चालेल? याच विभागातून पुढे १९८६ साली पिक्सार ही संस्था उभी राहिली.

आक्षेप कसा घ्यावा?

वरील चारही मैत्रिणींनी "चित्र वाईट आहे" असे म्हटले नाही. प्रत्येकीने आपल्याला काय दिसते ते सांगितले. 'वाईट' हा शब्द मोजता येत नाही. 'टेकडी चिकटवलेली दिसते' हे मोजता येते. चित्रकर्तीनेही ऐकून घेऊन प्रत्येक आक्षेपातून एक राशी शोधली: उंची, कोन, अंतर, संख्या. मग एका वेळी एकच राशी बदलून चित्र पुन्हा काढले. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळणार नाही. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो. आणि एखादा आक्षेप मोजमापाअंती चुकीचा ठरला, तर तो नम्रपणे बाजूला ठेवण्यासही हरकत नाही.

करून पाहा

शाळेच्या पटांगणात १ मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. हिंगणीच्या परिसरात सूर्य घड्याळातील बाराला नव्हे, तर सव्वाबाराच्या सुमारास माध्यान्ही येतो. त्या वेळी सावली मोजा. २१ मार्चला ती सुमारे ३८ सेंटिमीटर, २२ डिसेंबरला सुमारे ९८ सेंटिमीटर भरेल आणि २५ मेच्या आसपास ती जवळजवळ नाहीशी होईल. वर्षभर नोंदी ठेवा आणि वर्गातील देखाव्यांच्या चित्रांवर त्या लावून पाहा. कोणत्या चित्रातला सूर्य खरा आहे?