पाळीव पालीचा आहार

पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या खडकाळ, कोरड्या प्रदेशातील ठिपकेदार ‘लेपर्ड गेको’ ही पाल परदेशांत अनेक घरांत पाळली जाते. ती जिवंत कीटकच खाते. फळे-भाज्या खात नाही. परंतु नुसत्या रातकिड्यांनी पोट भरले, तरी हाडे पोसत नाहीत. कारण त्यांत कॅल्शियम अल्प व फॉस्फरस अधिक असतो. हाडे मऊ होऊन पाय वाकतात. म्हणून कीटकांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. अन्नपचनासाठी पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश सेल्सिअस उबदार ठेवावी, दुसरी थंड. जाड शेपटीत चरबीचा साठा असतो. ती बारीक होऊ लागल्यास पशुवैद्यांना दाखवावे. जीव घरी आणण्यापूर्वी त्याची गरज अभ्यासावी, हेच आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.