पाय बरे तर जाळं पाण्यात: चिखल्या, भेगा आणि शिंगीचा काटा



सातनाला असो, मत्तडीवागू असो की पैनगंगेचा काठ, आपलं काम पाण्यात नि चिखलात. जाळं फाटलं तर रात्री बसून दुरुस्त होतं. पाय पिकला तर आठ-पंधरा दिवस कमाई बंद. म्हणून हे नीट वाचा, घरातल्यांनाही वाचून दाखवा.

१) चिखल्या: बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाजते, सोलते. ही बुरशी असते, ओल मिळाली की वाढते. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने पुसा. क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा लावा. खाज थांबली तरी २ आठवडे पुढे चालू ठेवा, नाहीतर परत येतं. स्टेरॉइड मिसळलेलं मलम मनाने लावू नका. खाज दबते, बुरशी पसरते.

२) भेगा: रात्री पाय धुऊन टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. बोटांच्या मधे मात्र तेल नको. कुरूप ब्लेडने कापू नका.

३) शिंगीचा काटा: कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना विषारी काटा असतो. टोचला तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय ठेवा. पाणी आधी हाताने तपासा. ठणका कमी होतो. काटा आत मोडला असेल तर दवाखान्यातच काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

४) ताप आला तर: उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या चिरेतून अंगात शिरतात. थंडी-ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं. बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांत दिसतात. "मी पाण्यात काम करतो" हे डॉक्टरांना आधी सांगा. त्यावरून निदान लवकर होतं. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका.

५) शुगरवाल्यांनी: पायाला मुंग्या येतात, बधिरपणा असतो, काच रुतली तरी कळत नाही. रोज रात्री तळवे बघा, दिसत नसेल तर बायको-पोरांना बघायला सांगा. गरम पाण्याचा शेक तुम्ही घेऊ नका.

सूज वर चढली, पू आला, कातडी काळी पडली किंवा ताप आला तर हळद-चुना लावत बसू नका. त्याच दिवशी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आदिलाबादच्या रिम्समध्ये जा.

नाव मालकांना विनंती: नावेच्या डब्यात साबण, कोरडं फडकं आणि पट्टी ठेवा. काठावरच्या चिखलात गमबूट चांगले, पण खोल पाण्यात ते घालून उतरू देऊ नका. पाणी भरलं की पाय उचलत नाही.

आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा.