दिवाळीच्या तोंडावर पिसं टाकणारी कोंबडी

बयो, त्या तांबडीला आठवडी बाजारात न्यायचं मनातून काढून टाक. मान उघडी पडली, शेपूट गळालं, अंडी बंद झाली, म्हणून तिला रोग लागलाय असं शेजारपाजारी सांगत असतील. फोनवर तुझं ऐकतानाच मला वाटलं, तुझ्या खुराड्यातली सगळ्यात कामाची कोंबडी हीच असणार.

कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की पहिल्यांदा नीट पिसं टाकते, पुढे दरवर्षी. पाऊस सरून दिवस लहान व्हायला लागला की तिचं शरीर ते बरोबर ओळखतं. भरपूर अंडी द्यायला तिला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि आपल्याकडे ऐन थंडीत दिवस जेमतेम ११ तासांचा. आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट अशी गळ चालते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आणि अंड्यालाही तेच लागतं. दोन्हीकडे पुरत नाही, म्हणून ती अंडं थांबवते. तुरा फिका पडून आकसतो, तोही ह्याच पायी.

रोग आहे का ते पाहायचं तर उघड्या जागी बोट फिरव. टोचणाऱ्या काड्या लागल्या तर नवी पिसं येताहेत. एकट्या पाठीवरचीच गेली असतील तर ते कोंबड्याचं काम. शेपटीखाली, पिसांच्या मुळाशी पांढुरके पुंजके दिसले तर उवा झाल्यात. मग कोरड्या मातीत राख मिसळून लोळायला जागा कर, खुराडं रिकामं करून साफ कर. आणि मान वाकडी करून, हिरवी पातळ घाण टाकून मलूल बसली असेल तर पिसांचा विचार सोड, तडक गुरांच्या दवाखान्यात विचार. ती मानमोडी असू शकते, आणि तिच्यावर आधी टोचून घेतलेली लसच खरी.

आता तिचा पंख हळूच उघडून बघ. बाहेरच्या बाजूला १० मोठी पिसं असतात, मग मध्ये एक आखूड पीस, तिथून आतली रांग सुरू. त्या दहांत तीन-चार नवी पिसं एकाच उंचीची दिसली तर तिनं ती एकदम टाकलीत. अशी कोंबडी दोन-तीन महिन्यांत उरकून पुन्हा अंड्यावर येते. एक पूर्ण वाढलेलं, त्याच्या शेजारी थोडं लहान, त्याच्या शेजारी आणखी लहान, अशी पायरी दिसली तर ती एकेक पीस टाकत बसणारी. तिला पाच-सहा महिनेही लागतात. चांगली कोंबडी अंडी देत देत उशिरापर्यंत जुन्या, फाटक्या पिसांवरच राहते आणि मग एकदम उघडी पडते. श्रावणातच पिसं टाकून बसणारी बहुतेक कमी अंड्यांची. म्हणून दिसण्यावर जाऊ नकोस गं.

पंख पाहून झाला की मात्र तिला सारखी उचलू नकोस, मुलांनाही उचलू देऊ नकोस. त्या नव्या काड्या रक्तानं भरलेल्या असतात. बाहेरून मेणासारखं पातळ आवरण, आत निळसर गर. दाबल्या की तिला दुखतं, मोडली की रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच चोचा मारतात. तसं झालं तर तिला थोडे दिवस डालग्याखाली वेगळी ठेव.

नुसत्या कण्या-कोंड्यावर पिसं येत नाहीत. शेंगदाण्याची पेंड दे, पण बुरशी लागलेली अजिबात नको. सुका जवळा दे, गांडुळं उकरू दे, शेवग्याचा पाला टाक. मीठ लावलेली मासळी मात्र नको; जास्त मीठ कोंबडीला बाधतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेव, जिला अंड्यासाठी हवा ती आपणहून टिपते. उपाशी ठेवलं की गळ लवकर उरकते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तो छळ आहे.

आणि गावठीची ग्रामप्रियाशी तुलना करू नकोस. ग्रामप्रिया हैदराबादला मुद्दाम अंड्यांसाठीच तयार केलेली, वर्षाला २०० च्या आसपास देते. गावठी ६०-७० देते, पण खुडूक बसून २१ दिवसांत पिल्लंही काढते आणि त्यांना घारीपासून राखते. तुझी काळी खुराड्यात फुगून बसलीय, हात लावला की फुत्कारतेय, तीही अंडी देत नाही. पण ती खुडूक आहे, पिसं टाकत नाहीये. तिच्याखाली अंडी ठेव.

तांबडीची नवी पिसं आली की आधी तुरा लाल होईल, मग अंडं. संख्येनं पहिल्या वर्षापेक्षा थोडी कमी, पण मोठी आणि टणक कवचाची. खर्चासाठी एखादी विकायचीच असेल तर श्रावणापासून पिसं टाकत बसलेली असेल ती दे. तांबडी घरीच राहू दे.