मेंदूंतील एक बारीक रोहिणी

कोल्हापूरच्या आसपास राहणाऱ्या आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं उसाला पाणी पाजतांना दारें धरलीं असतील. मुख्य पाट भरून वाहत असला तरी एखादी लहानशी वाट गाळानें बुजली, कीं तेवढ्याच सऱ्या वाळतात व शेजारचा ऊस हिरवागार राहतो. मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस हीच गोष्ट प्रथम आठवते.

मेंदूस रक्त पोहोंचविणाऱ्या मोठ्या रोहिण्या चार: गळ्याच्या दोन बाजूंच्या दोन कॅरॉटिड, आणि मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन. कवटीच्या तळाशीं त्यांच्या शाखा एकमेकींस मिळून एक कडें तयार होतें. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यानें १६६४ सालीं त्याचें वर्णन केलें, व त्या ग्रंथाच्या आकृत्या काढण्यास क्रिस्टोफर रेन या शिल्पज्ञानें हातभार लावला. एक रोहिणी तुंबली तर या कड्यामुळें दुसरी पुष्कळदां तिची उणीव भरून काढते.

परंतु कड्यापासून फुटणाऱ्या बारीक फांद्यांस असा आधार थोडा. कॅरॉटिड दुभंगण्यापूर्वीं तिच्या मागील अंगास 'अँटीरिअर कोरॉइडल' नांवाची सुमारें एक मिलिमीटर जाडीची फांदी फुटते. ती दृष्टितंतूंच्या पट्ट्यालगत मागें जाते, मेंदूच्या देठास वळसा घालते, आणि एका फटींतून मेंदूच्या पोकळींत शिरून तेथील द्रव पाझरविणाऱ्या झालरीसारख्या जाळ्यास मिळते. त्या जाळ्यावरून तिचें नांव पडलें. आमच्या मतें मात्र नांवानें वाचकाची फसवणूकच होते, कारण वाटेंत ती जें देते तेंच अधिक मोलाचें. हातापायांस हुकूम नेणारे तंतू ज्या अरुंद खिंडींतून दाटीनें खालीं उतरतात, तिच्या एका भागास या रोहिणीच्या केसासारख्या उपशाखा रक्त पुरवितात. ती तुंबली तर विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. कधीं त्याच बाजूचें स्पर्शज्ञान व अर्धी दृष्टीही जाते. फ्रान्समध्यें शार्ल फ्वा यानें १९२५ सालीं हीं लक्षणें एकत्र मांडलीं.

जिवंत माणसाच्या मस्तकांत ती पाहावी कशी? क्ष-किरण १८९५ पासून ठाऊक होते, पण त्यांत हाड दिसतें. रक्त व मेंदू यांची छाया जवळजवळ सारखीच. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनीं १९२७ सालीं कॅरॉटिडमध्यें सोडिअम आयोडाइड टोंचलें व लागलीच चित्र घेतलें, तेव्हां रोहिण्यांचा वृक्ष प्रथम उमटला. त्यापूर्वीं दुसरा एक क्षार वापरतांना एक रोगी दगावला होता, हें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. आज द्रव्यें पुष्कळ सौम्य झालीं आहेत. मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणींतून नळी वर नेतात, आणि द्रव्य सोडण्यापूर्वींचें चित्र नंतरच्या चित्रांतून वजा करतात. हाड गेलें, रक्त उरलें! वजाबाकीस कंटाळणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत घ्यावें. अशा चित्रांत आमची रोहिणी मागें जाणारी एक सूक्ष्म रेषा दिसते. पोकळींत शिरतांना तिला किंचित् बांक येतो, व पुढें जाळ्याची पुसट छाया पसरते.

१९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें डॉ. अर्विंग कूपर कंपवाताच्या एका रोग्यावर शस्त्रक्रिया करीत असतां हीच रोहिणी चुकून फाटली. ती बंद करून त्यांनीं काम अर्धवट सोडलें. रोगी पांगळा होऊन उठेल अशी भीति होती. पण तो शुद्धीवर आला तेव्हां कंप नाहींसा झाला होता आणि हातपाय शाबूत होते. पुढें त्यांनीं ती मुद्दाम बंद करून पाहिली. कित्येकांस गुण आला, कांहींस अर्धांग झालें, आणि तो मार्ग सोडावा लागला. कोणाच्या मस्तकांत शेजारच्या रोहिणीची फांदी येऊन तिला चांगली मिळते, कोणाच्या मिळत नाहीं.

पालकांस एक सांगणें आहे. तोंड एकाएकीं वाकडें झालें, हात गळला किंवा बोलणें अडखळलें, तर तेल चोळीत रात्र काढूं नये. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि तेंही मस्तकाचें चित्र घेऊन आंत रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावर. म्हणून लक्षण कितीं वाजतां दिसलें, तें घड्याळ पाहून लिहून घ्यावें. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.