मास्कला विरोध का झाला?



कोविडच्या काळात आपण सर्वांनीच मास्क लावला आणि त्याविषयी कुरकुरही केली. मुंबईत विनामास्क फिरणाऱ्याला २०० रुपये दंड होता. महाराष्ट्रातील सक्ती एप्रिल २०२२ मध्ये उठली. काही देशांत मात्र लोक मास्कविरुद्ध मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरले. हा विरोध नवा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीची एक हकीकत आज पाहू या.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. हिंदुस्थानात ती जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ती त्याच वर्षी शरद ऋतूत पोहोचली. शाळा, नाटकगृहे बंद झाली; चर्चना उपासना थांबवण्याचा किंवा उघड्यावर घेण्याचा सल्ला दिला गेला. तेथील सेंट मेरीज कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर, उघड्या आकाशाखाली प्रार्थना करणाऱ्या भाविकांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. २०२० साली चर्चच्या बंद दारासमोर उभे राहून क्रुसाची खूण करणाऱ्यांना ते पाहून काय वाटेल, हे सांगायला नको.

आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅस्लर यांच्या आग्रहावरून ऑक्टोबरअखेर मास्क सक्तीचा झाला. तो गॉजचा, म्हणजे जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाचा असे. नियम मोडल्यास ५ ते १०० डॉलर दंड किंवा १० दिवसांपर्यंत कैद. पहिले महायुद्ध चालू होते, त्यामुळे मास्क न लावणारा देशाचे काम चुकवतो असे मानले जाई. बहुतेकांनी नियम पाळला. २१ नोव्हेंबरला दुपारी भोंगा वाजला आणि लोकांनी भर रस्त्यात मास्क काढून फेकले.

मात्र त्याआधीच एक गोष्ट घडली होती. शहराचे महापौर जेम्स रॉल्फ मुष्टियुद्धाच्या सामन्याला गेले ते मास्कविना. छायाचित्रात ते सापडले आणि त्यांना ५० डॉलर दंड झाला. खुद्द डॉ. हॅस्लरही सापडले; त्यांना ५ डॉलर. दोघांनी दंड भरला खरा, पण सामान्य माणसाने त्यातून काय समजायचे?

जानेवारी १९१९ मध्ये साथ उलटली आणि १७ तारखेपासून मास्क परत आला. आता युद्ध संपले होते, लोक कंटाळले होते. श्रीमती ई. सी. हॅरिंग्टन या वकील बाईंच्या अध्यक्षतेखाली मास्कविरोधी संघ उभा राहिला. २५ जानेवारीच्या त्यांच्या सभेला हजारोंची गर्दी लोटली. त्यात काही डॉक्टरही होते. मास्कचा उपयोग सिद्ध झालेला नाही असे कोणी म्हणत होते, तर नागरिकांच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे असे कोणी. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. या साथीत त्या शहरात तीन हजारांहून अधिक माणसे गेली.

विरोधकांची पहिली शंका अगदीच पोकळ नव्हती. पुढे कॅलिफोर्नियाच्याच आरोग्य मंडळाचे डॉ. विल्फ्रेड केलॉग यांनी तपास केला, तेव्हा गॉजच्या सक्तीने अपेक्षेइतकी साथ रोखलेली दिसली नाही. कापड विरळ होते. शिवाय लोक रस्त्यावर मास्क लावत आणि घरात, कचेरीत काढून ठेवत. आजचे नीट बसणारे मास्क त्याहून पुष्कळ चांगले, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा आज लावता येत नाही. विरोध करणारे सगळेच स्वार्थी होते, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र वेगळा. पोप फ्रान्सिस यांनी ‘लेट अस ड्रीम’ या २०२० सालच्या पुस्तकात, मास्कला स्वातंत्र्यावरील हल्ला समजणाऱ्यांविषयी कडक शब्द वापरले. संत पौलापुढे असाच प्रश्न करिंथ येथे आला होता, फक्त तो मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा होता. खाणाऱ्यांचे ज्ञान बरोबरच आहे, हे पौल मान्य करतो. तरी दुर्बळ बंधूचे काय होईल, असे विचारतो. आपल्याकडे दमेकरी, डायलिसिसवर असलेले, वयस्क अशी माणसे मिस्साला शेजारच्याच बाकावर असतात.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा हा आठवा अध्याय अवघ्या तेरा वचनांचा आहे. या आठवड्यात समूहाच्या सभेत वाचताना शेवटचे वचन सावकाश वाचावे. तेथे पौल इतरांना हुकूम करीत नाही, स्वतः काय सोडीन ते सांगतो. महापौर रॉल्फ यांची गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून चर्चा करता येईल.