फलटणच्या वाटेवर पुण्यातील एक दिवस : नियोजन कसे करावे?

फलटणनगरीत प्रभू श्रीरामांच्या दर्शनास दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळजण पुण्यामार्गे येतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, तसेच परप्रांतांतून येणाऱ्या गाड्या सकाळी पुणे स्थानकावर पोहोचतात. तेथून फलटण सुमारे ११० किलोमीटर असून मोटारीने अथवा एस.टी.ने साधारण तीन तास लागतात. सायंकाळी फलटणास मुक्कामी पोहोचले तरी चालणार असते. साहजिकच मधला दिवस पुणे पाहण्यात घालवावा, असा विचार मनात येतो. हा विचार योग्यच आहे. मात्र मोठ्या शहरातील एक दिवस नीट आखला नाही, तर यात्रेचा आनंद ओसरतो आणि ज्या दर्शनासाठी घर सोडले, त्या दर्शनाच्या वेळी अंगात त्राण उरत नाही.

नेहमी होणारी चूक

बहुतेक कुटुंबे घरून निघतानाच पुण्यातील प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात. यादीत सहजच दहा नावे जमतात. आता साधा हिशेब करून पाहावा. प्रत्येक ठिकाणी पादत्राणे ठेवणे, रांग, दर्शन, थोडे टेकणे, पाणी पिणे यांत पाऊण तास जातो; दहा ठिकाणांचे साडेसात तास झाले. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास, वाहतुकीची कोंडी व वाहन उभे करण्यास जागा शोधणे धरून, सरासरी अर्धा तास लागतो. अशा नऊ फेऱ्यांचे साडेचार तास. भोजन व विश्रांतीस दीड तास. एकूण साडेतेरा तास! सकाळी ८ वाजता निघालेली मंडळी रात्री साडेनऊला मोकळी होतील आणि फलटणास मध्यरात्रीनंतर पोहोचतील.

प्रत्यक्षात मग एकेक गोष्ट गाळली जाते. प्रथम भोजन लांबते, नंतर विश्रांती जाते, शेवटी दर्शन घाईचे होते. याहून वाईट म्हणजे दुपारनंतर घरातील वृद्ध मंडळी थकतात व "तुम्ही पाहून या, मी इथेच बसते," असे म्हणून गाडीत बसून राहतात. ज्या आजींच्या इच्छेखातर यात्रा निघाली, त्यांच्याच वाट्याला वाहनतळावरील उकाडा येतो. पुढच्या पिढीला ही गोष्ट फार उशिरा ध्यानात येते.

स्थळांची निवड

म्हणून यादी वाढवण्यापेक्षा ती कमी कशी करावी, हे शिकणे महत्त्वाचे. त्यासाठी तीन कसोट्या उपयोगी पडतात.

पहिली कसोटी म्हणजे सर्वांत हळू चालणारी व्यक्ती. कुटुंबात ज्यांची चाल सर्वांत मंद, त्यांच्या पावलांनी दिवस मोजावा. त्यांना जे झेपेल, तेच सर्वांचे नियोजन.

दुसरी कसोटी शेजाराची. निवडलेली सर्व स्थळे शहराच्या एकाच भागात असावीत. पूर्वेचे एक व पश्चिमेचे एक असे निवडल्यास अर्धा दिवस रस्त्यावर जातो.

तिसरी कसोटी वेळेची. कोणते ठिकाण केव्हा उघडते, केव्हा बंद होते व साप्ताहिक सुटी कधी असते, याची आदल्या दिवशी चौकशी करावी. काही देवळांत दुपारी नैवेद्यानंतर दर्शन काही काळ थांबते. शनिवारवाड्यातील प्रवेश सायंकाळी बंद होतो. जुन्या पेठांतील पुष्कळ दुकानदार आजही दुपारची विश्रांती पाळतात. हे ठाऊक नसल्यास बंद दारापुढून परतावे लागते.

या तिन्ही कसोट्यांना पुण्याचा एक भाग उत्तम उतरतो, तो म्हणजे कसबा, शनिवार, बुधवार व शुक्रवार या जुन्या पेठांचा. पुढे सांगितलेली सहा स्थळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन किलोमीटरांच्या आत आहेत.

पुणे व फलटण यांचे नाते

या भागाची निवड करण्यास आणखी एक कारण आहे. फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्याचे भोसले घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरसंबंध होते. शहाजीराजांच्या मातोश्री उमाबाई या निंबाळकर घराण्यातील. छत्रपती शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब व छत्रपती संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई या फलटणच्या मुधोजीराजे नाईक निंबाळकर यांच्या कन्या. महाराज व सईबाई यांचा विवाह इ. स. १६४० मध्ये पुण्यात झाला. पुढे त्यांची कन्या सखूबाई ही बजाजीराजे निंबाळकर यांचे पुत्र महादजी यांना देण्यात आली. म्हणजे फलटणची लेक पुण्यास सून म्हणून गेली आणि तिची लेक पुन्हा सून होऊन फलटणास आली. हे मनात ठेवून पुण्याच्या जुन्या पेठांतून फिरल्यास तो दिवस फलटणच्या यात्रेचाच पूर्वार्ध ठरतो.

एका दिवसाची आखणी

सकाळी ८ वाजता पुण्याचे ग्रामदैवत श्री कसबा गणपती यांच्या दर्शनाने प्रारंभ करावा. राजमाता जिजाऊंनी या देवालयाची उभारणी केली, अशी परंपरा आहे. गणेशोत्सवातील मानाचा पहिला गणपती हाच. सकाळी गर्दी कमी असल्याने वृद्धांना शांतपणे दर्शन घडते.

९ वाजता जवळच असलेला लाल महाल पाहावा. शहाजीराजांनी जिजाऊ व बालशिवाजी यांच्यासाठी बांधलेला मूळ वाडा आज उरलेला नाही; सध्याची वास्तू विसाव्या शतकात पुणे महानगरपालिकेने स्मारक म्हणून उभारली. इ. स. १६६३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री महाराजांनी येथेच शाहिस्तेखानावर छापा घातला. मुलांना ही कथा येथे उभे राहून सांगावी.

१० वाजता शनिवारवाडा. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी इ. स. १७३० मध्ये याचा पाया घातला व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. आज तट, बुरूज, भव्य दिल्ली दरवाजा व आतील जोती पाहावयास मिळतात. आतील मोकळ्या जागेत सावली थोडी असल्याने ऊन वाढण्यापूर्वीच हे ठिकाण आटोपावे. तटावर जाण्याच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालूनच पाहण्यात कमीपणा मानू नये.

११ वाजता श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन. संकष्टी व विशेषतः अंगारकी चतुर्थीस येथे फार मोठी रांग असते. त्या दिवशी मुखदर्शनावर समाधान मानावे, अन्यथा पुढील सर्व वेळापत्रक कोलमडते.

१२ वाजण्याच्या सुमारास तुळशीबागेतील श्रीराम मंदिर गाठावे. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकात हे देवालय उभारले. भोवती बाजाराची वर्दळ असली तरी आतील प्रांगणात पाऊल टाकताच ती मागे राहते. फलटणच्या श्रीरामांकडे निघालेल्या भाविकाने पुण्यातील रामरायाचे दर्शन चुकवू नये. दुपारी देऊळ केव्हा बंद होते, याची चौकशी मात्र आधी करावी. आवश्यक वाटल्यास हे दर्शन शनिवारवाड्याच्या आधी उरकावे. पूजेची भांडी, समया, कुंकवाचे करंडे यांची खरेदी तुळशीबागेत होते. तथापि खरेदीस वेळेची मर्यादा घालून घ्यावी. नियोजन बिघडते ते बहुधा येथेच!

पाऊण वाजता भोजन. त्यानंतर किमान अर्धा तास बसून विश्रांती घ्यावी. भोजन व विश्रांती मिळून पावणेदोन तास राखून ठेवावेत व ते कोणत्याही कारणाने कमी करू नयेत. शेजारीच इ. स. १८८६ मध्ये खुली झालेली महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत आहे. ती जाता जाता पाहता येते.

पावणेतीन वाजता शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. डॉ. दिनकर केळकर यांनी अकाली निधन पावलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ आयुष्यभर हिंडून वीस हजारांहून अधिक वस्तू जमविल्या. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातील भांडी असा हा संसारातील वस्तूंचा ठेवा आहे. वृद्ध मंडळी येथे रमतात. कारण त्यांनी वापरलेल्या वस्तू नातवंडांना दाखविण्याची संधी त्यांना मिळते. पाऊण तासात सर्व दालने पाहून होत नाहीत. दोन-तीन दालने निवांत पाहावीत.

साडेतीनला दिवस पूर्ण होतो. चारच्या सुमारास पुणे सोडल्यास सायंकाळी सातपर्यंत फलटणास पोहोचता येते.

जी स्थळे या दिवशी वगळावीत

नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले पर्वतीवरील देवदेवेश्वर मंदिर सुंदर आहे. परंतु तेथे १०३ पायऱ्या चढाव्या लागतात. नगर रस्त्यावरील आगाखान राजवाड्यात महात्मा गांधी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच निधन झाले. त्यांची व महादेवभाई देसाई यांची समाधी तेथे आहे. मात्र हे ठिकाण पेठांपासून बरेच दूर पूर्वेस आहे. या दोन्ही स्थळांसाठी परतीच्या प्रवासात वेगळा वेळ काढावा. वगळलेले स्थळ म्हणजे गमावलेले स्थळ नव्हे. ते पुढच्या यात्रेचे निमित्त होय.

वाहनाची सोय

पेठांतील रस्ते अरुंद असून वाहन उभे करण्यास जागा मिळणे कठीण. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. पुणे स्थानकावर उतरलेल्या भाविकांनी मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत यावे, तेथे गाडी बदलून कसबा पेठ स्थानकावर उतरावे. दिवसअखेर मंडई स्थानकावरून स्वारगेट हे पुढचेच स्थानक. तेथील बसस्थानकावरून फलटणच्या एस.टी. गाड्या सुटतात. भुयारी स्थानके खोल असल्याने ज्येष्ठांनी उद्‌वाहनाचा उपयोग करावा. जड सामान बरोबर बाळगून फिरू नये. ते ठेवण्याची सोय स्थानकावर आधी पाहावी. लोणंद ते फलटण लोहमार्गावरही २०१९ पासून प्रवासी गाडी धावू लागली. रेल्वेने येऊ इच्छिणाऱ्यांनी चालू वेळापत्रक पाहूनच बेत करावा.

कोणते दिवस टाळावेत

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत, विशेषतः सायंकाळी, पेठांतील अनेक रस्ते वाहनांस बंद असतात. आषाढी वारीच्या काळात श्री ज्ञानेश्वर महाराज व श्री तुकाराम महाराज यांच्या पालख्या पुण्यात मुक्कामास असतात. माउलींची पालखी पुढे सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव या मार्गाने फलटणास येते. या दिवसांत मार्गावरील वाहतूक वळविली जाते. वारीचे दर्शन हाच हेतू असेल तर अवश्य यावे. परंतु तेव्हा शहर पाहण्याचा बेत त्याला जोडू नये.

बरोबर काय असावे

नित्याची औषधे, पाण्याची बाटली, टोपी अथवा छत्री व सहज काढता-घालता येणारी पादत्राणे एवढे पुरे. लहान मुलांच्या व वृद्धांच्या खिशात घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. प्रत्येक ठिकाणी प्रवेश करण्यापूर्वी, चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, ते ठरवून घ्यावे. गर्दीत दागिन्यांची काळजी घ्यावी.

अशा रीतीने पुण्यातील दिवस आखला तर कुटुंबातील सर्व मंडळी, थोरांपासून लहानांपर्यंत, दिवेलागणीच्या सुमारास एकत्र फलटणास पोहोचतात. रात्री स्वस्थ झोप होते. दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी श्रीराम मंदिर, शेजारचा मुधोजी मनमोहन राजवाडा आणि प्राचीन जबरेश्वर मंदिर पाहताना पावले जड होत नाहीत. आणि प्रभूंसमोर हात जोडून उभे राहताना आजीही शेजारी असतात, हे या नियोजनाचे खरे फळ.

सर्व भाविकांची यात्रा सुखरूप व सुफळ होवो, हीच श्रीरामचरणी प्रार्थना.