ग्लॅडिओलसचे कंद कापताना

ग्लॅडिओलसच्या जातिवंत कंदास पैसे पडतात. म्हणून एकाचे दोन करावेत असा मोह सहज होतो. मोह वाईट नव्हे, परंतु चाकू धरण्यापूर्वी कंद ओळखावा. तो कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसून भरीव खोडच होय. अंगावर डोळे असतात व बुडाशी मुळांची चकती असते. शेंड्याचा डोळा जोरात असला म्हणजे बाजूचे डोळे निजून राहतात. कापल्याने तेही जागे होतात.

थंड देशांत वसंताच्या आरंभी, आपल्याकडे बहुधा पाऊस ओसरल्यावर लागवड होते. तिच्या एक-दोन दिवस आधी टपोऱ्या कंदाची साल काढून वरून खाली उभा काप द्यावा. प्रत्येक फोडीस एक डोळा व बुडाचा अंश आलाच पाहिजे. बुडावाचून फोड मातीत कुजते. कापास गंधकाची भुकटी लावून फोडी सावलीत सुकवाव्यात.

एके वर्षी आम्ही एका कंदावरील तपकिरी डाग क्षुल्लक मानला व त्याच चाकूने टोपलीभर कंद कापले. पुढे पाने पिवळी पडून निम्मा वाफा गेला. तो मर रोग होता, आणि त्याची बुरशी आमच्याच हाताने पसरली! डागी वा मऊ कंद जाळावा, आणि प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे.

लहान कंद मात्र कापूच नयेत. काढणीच्या वेळी बुडाशी हरभऱ्याएवढ्या कंदिका सापडतात, त्या जपून ठेवाव्यात. त्यांस फूल येण्यास दोन-तीन हंगाम लागतात, पण पदरचा पैसा लागत नाही.